कृत्रिम रबर मऊ ठेवणारी वनस्पती तेले : सोयाबीन, एरंडी आणि काजू टरफल तेल

टायर, ट्रॅक्टरचे होज पाइप, ऑइल सील, व्ही-बेल्ट, भातगिरणीचे रबर रोल, फवारणी पंपाचे वॉशर, गमबूट या सगळ्या वस्तूंमध्ये रबराबरोबर तेलही असते. हे तेल आजवर मुख्यतः खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून येत होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत काही कंपन्यांनी त्याच्या जागी सोयाबीन, सूर्यफूल, मोहरीवर्गीय आणि एरंडी तेल किंवा त्यापासून केलेली रसायने वापरायला सुरुवात केली आहे. काजूच्या टरफलातील तेलावरही काम झाले आहे. शेतमालाला नवीन ग्राहक मिळतो आहे, म्हणून शेतकरी, उत्पादक कंपन्या आणि कृषी सहायकांकडून याबद्दल विचारणा होते. या वापरामागचे तंत्र काय, कोणत्या पिकाचा त्यात खरा वाटा आहे आणि शेतकऱ्याने कुठे सावध राहावे, याची माहिती येथे दिली आहे.

रबरात तेल कशासाठी घालतात?

पुरणपोळीची कणीक नुसत्या पाण्यात मळली तर ती ताठ राहते, लाटताना फाटते. तेल लावून तिंबली की सैल होते आणि न तुटता ताणली जाते. रबराचेही साधारण असेच आहे. रबराचे रेणू म्हणजे एकमेकांत गुंतलेले लांबच लांब धागे. तेलाचे लहान रेणू या धाग्यांमध्ये शिरतात, धागे एकमेकांवरून सहज घसरतात आणि माल मऊ होतो. अशा पदार्थाला मृदुकारक किंवा प्लास्टिसायझर म्हणतात. टायर उद्योगात त्याला प्रोसेस ऑइल म्हणण्याची पद्धत आहे.

तेलामुळे तीन गोष्टी साधतात. मिक्सिंग यंत्रात काजळी (कार्बन ब्लॅक), सिलिका, गंधक हे पदार्थ रबरात नीट मिसळतात आणि वीज कमी लागते. तयार वस्तूचा कडकपणा हवा तेवढा राखता येतो. थंडीत रबर काचेसारखे ठिसूळ होण्याचे तापमान आणखी खाली जाते. रबर उद्योगात सर्व प्रमाणे ‘शंभर भाग रबरामागे किती भाग’ अशी मोजतात. टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या थरात शंभर भाग रबरामागे दहा ते चाळीस भाग तेल असू शकते.

कृत्रिम रबराचे अनेक प्रकार आहेत. टायरमध्ये मुख्यतः एसबीआर म्हणजे स्टायरिन-ब्युटाडाइन रबर असते. डिझेल, ऑइल, ग्रीस यांच्याशी संबंध येतो तिथे नायट्राइल रबर (एनबीआर) वापरतात. दारे-खिडक्यांच्या पट्ट्या आणि उन्हात राहणाऱ्या वस्तूंसाठी ईपीडीएम असते. तेल निवडताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. एसबीआरला तेलकट स्वभावाचे मृदुकारक मानवते. नायट्राइल रबराला मात्र थोडे ध्रुवीय, म्हणजे रासायनिक स्वभावाने तेल आणि पाणी यांच्या मधले मृदुकारक लागते. जुळणी चुकली तर काही दिवसांत तेल वस्तूच्या पृष्ठभागावर फुटून येते. कारखान्यात याला ‘ऑइल ब्लीडिंग’ म्हणतात.

खनिज तेलाला पर्याय का शोधला जातो?

या बदलाला वेग आला तो कायद्यामुळे. टायरमध्ये वर्षानुवर्षे वापरले जाणारे स्वस्त ॲरोमॅटिक तेल गडद काळे असते आणि त्यात बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाचे घटक असतात. त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. टायर झिजतो तेव्हा त्याची पूड रस्त्यावर, तिथून मातीत आणि पाण्यात जाते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून टायरच्या तेलातील या घटकांवर मर्यादा घातली. बेंझो-ए-पायरीन हा एक घटक किलोमागे १ मिलिग्रॅम आणि ठरवलेल्या आठ घटकांची बेरीज किलोमागे १० मिलिग्रॅम, याहून जास्त चालत नाही. युरोपला टायर पाठवणाऱ्या प्रत्येक देशातील कारखान्याला त्यामुळे तेल बदलावे लागले. बहुतेकांनी शुद्ध केलेली खनिज तेले घेतली आणि काहींनी वनस्पती तेलांकडे पाहिले.

दुसरे कारण थॅलेट. नायट्राइल रबर आणि पीव्हीसी मऊ करण्यासाठी डीओपी, डीबीपी अशी थॅलेट वर्गातील रसायने सर्रास वापरली जात. ती वस्तूतून हळूहळू बाहेर पडतात आणि त्यांतील काही प्रजननसंस्थेला घातक ठरली आहेत. युरोपात जुलै २०२० पासून अशा चार थॅलेटांचे प्रमाण बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंमध्ये वजनाच्या ०.१ टक्क्यावर रोखले आहे. इथे पर्याय म्हणून वनस्पती तेलापासून केलेली इपॉक्सी तेले आणि एस्टर पुढे आली.

प्रत्येक तेल चालत नाही

‘तेल आहे म्हणजे रबरात चालेल’ असा समज दिसतो. तो बरोबर नाही. तेलाच्या रेणूत दुहेरी बंध किती आहेत यावर बरेच काही अवलंबून असते. ते मोजण्याचे माप म्हणजे आयोडीन मूल्य. पाम तेलाचे मूल्य ५० ते ५५, एरंडीचे ८२ ते ९०, सोयाबीनचे १२० ते १४० आणि जवसाचे १७० च्या पुढे असते. आकडा जितका मोठा तितके तेल हवेशी आणि गंधकाशी जास्त झटापट करते.

रबर पक्के करण्यासाठी त्यात गंधक घालून तापवतात. गंधक रबराच्या धाग्यांना एकमेकांशी टाचतो. वनस्पती तेलात दुहेरी बंध असल्यामुळे थोडा गंधक तेलच खाऊन टाकते. मग रबराला टाके कमी पडतात आणि माल हवा त्यापेक्षा मऊ राहतो, त्याची ताकद घटते. खनिज तेलाच्या जागी तितकेच सोयाबीन तेल ओतले आणि बाकी कृती तशीच ठेवली तर हमखास हे होते. उपाय अवघड नाही. गंधक आणि वेगवर्धकाचे प्रमाण नव्याने बसवावे लागते, किंवा तेलातील दुहेरी बंध आधीच मारून टाकावे लागतात. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्लाच्या साह्याने तेलाचे इपॉक्सी रूप करतात. इपॉक्सी सोयाबीन तेल पीव्हीसी उद्योगात कित्येक दशके वापरात आहे. ते मूळ तेलापेक्षा जास्त ध्रुवीय असल्याने नायट्राइल रबरातही बसते.

वनस्पती तेल आणि गंधक यांची ही ओढ जुन्या काळातच लोकांनी कामाला लावली होती. मोहरीवर्गीय, एरंडी किंवा जवस तेल गंधकाबरोबर तापवले की तपकिरी, रबरासारखा लिबलिबीत पदार्थ तयार होतो. त्याला फॅक्टिस म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून तो रबरात मिसळला जातो. शाळेतील खोडरबरात तो असतो आणि रेघ पुसताना खोडरबराचा जो भुगा पडतो त्यात त्याचा मोठा हात असतो.

सोयाबीन तेल

आजवर सर्वाधिक प्रसिद्धी सोयाबीनला मिळाली आहे. अमेरिकेतील गुडइयर कंपनीने तेथील सोयाबीन उत्पादकांच्या युनायटेड सोयाबीन बोर्ड या संस्थेच्या मदतीने संशोधन केले आणि २०१७ मध्ये सोयाबीन तेल वापरलेला ‘ॲश्युरन्स वेदररेडी’ टायर बाजारात आणला. २०४० पर्यंत आपल्या उत्पादनांतून खनिज तेल पूर्ण काढण्याचे उद्दिष्ट या कंपनीने जाहीर केले आहे. संशोधनाला पैसा शेतकऱ्यांच्याच संस्थेचा होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेत सोयाबीन विक्रीतून ठरावीक अंश कापून हा निधी उभा राहतो आणि त्यातून तेलाचे नवे उपयोग शोधले जातात. आपल्याकडील सोयाबीन उत्पादकांसाठी अशी व्यवस्था नाही.

सोयाबीन तेलाचा मोठा गुण म्हणजे ते थंडीत रबराला लवचिक ठेवते, त्यामुळे पावसात आणि बर्फात पकड सुधारते. हा गुण मिनेसोटातील गाडीवाल्याला जितका मोलाचा, तितका लातूर-अकोल्यातील गाडीवाल्याला नाही. आपल्याकडे टायरचा शत्रू ऊन आहे. भारतीय कारखाना वनस्पती तेल घेईल तो निर्यात मालाच्या अटींमुळे किंवा खनिज तेल महागल्यामुळे, थंडीतल्या लवचिकपणासाठी नव्हे.

यामुळे लातूर, वाशीम, बुलढाणा, धाराशिव भागातील शेतकऱ्याच्या दरात फरक पडेल का? थोडा हिशेब मांडून पाहू. १०० किलो सोयाबीनपासून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास ढेप (डीओसी) मिळते. एका मोटारीच्या टायरमध्ये अर्धा किलो सोयाबीन तेल जाते असे समजू. त्याला जेमतेम पावणेतीन किलो सोयाबीन लागते. एकरी ८ क्विंटल उत्पादन धरले तर एका एकरातील तेलात जवळपास २९० टायर होतील. हा हिशेब ऐकायला बरा वाटतो. पण सोयाबीनचा भाव ठरतो तो ढेपेच्या निर्यातीवर, पोल्ट्रीच्या मागणीवर आणि तेलाच्या आयातशुल्कावर. देशाची खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीतून भागते. अर्जेंटिना, ब्राझीलमधून येणारे कच्चे सोयाबीन तेल टायर कारखान्यालाही त्याच दरात मिळणार. म्हणून ‘टायरसाठी मागणी वाढली, सोयाबीन धरून ठेवा’ असा सल्ला कोणी देत असेल तर त्यावर साठवणुकीचा निर्णय घेऊ नये. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. खरेदी केंद्राची नोंदणी आणि दाण्यातील १२ टक्के ओलावा या दोन गोष्टी विक्रीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाच्या आहेत.

खाद्यतेल आयात करणाऱ्या देशाने खाण्याचे तेल चाकात घालावे का, हाही प्रश्न आहेच. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले ते खाद्यतेलात स्वावलंबन यावे म्हणून. आमच्या मते आपल्या परिस्थितीत रबरासाठी अखाद्य तेलांचा विचार आधी व्हावा. त्या दृष्टीने पुढील दोन पिके अधिक महत्त्वाची आहेत.

एरंडी

एरंडी तेलासारखे दुसरे तेल निसर्गात जवळपास नाही. त्यात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते आणि या आम्लाच्या साखळीवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो. त्यामुळे रसायन कारखान्यांना या तेलापासून कितीतरी पदार्थ करता येतात. जगात एरंडीचे सर्वाधिक उत्पादन भारतात होते आणि त्यातही गुजरात फार पुढे आहे. बनासकांठा, पाटण, मेहसाणा, कच्छ हे मुख्य जिल्हे.

कच्चे एरंडी तेल टायरच्या एसबीआर रबरात फारसे मिसळत नाही, कारण ते जास्त ध्रुवीय आहे. त्याचा खरा उपयोग पुढच्या टप्प्यात आहे. एरंडी तेल कॉस्टिकबरोबर उच्च तापमानाला तापवले की त्याची साखळी तुटून सेबॅसिक आम्ल मिळते. या आम्लापासून डायऑक्टिल सेबॅकेट नावाचे मृदुकारक तयार होते. नायट्राइल आणि निओप्रीन रबर कडाक्याच्या थंडीतही लवचिक ठेवायचे असेल, तर रबर तंत्रज्ञ जी नावे सुचवतात त्यांत हे असतेच. विमान, वाहन, शीतगृहे येथील सील आणि होजमध्ये ते जाते. तेलापासूनच केलेले मिथाइल ॲसिटिल रिसिनोलिएट हेही मृदुकारक म्हणून वापरतात. म्हणजे वनस्पतीजन्य मृदुकारकांची बाजारपेठ एरंडीसाठी नवी नाही. ती आधीपासून आहे आणि भावात मोजली गेलेली आहे.

महाराष्ट्रात एरंड बहुतेकांना माहीत आहे तो कपाशी-सोयाबीनच्या कडेने लावायचे सापळा पीक म्हणून. तंबाखूवरील पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा) त्यावर अंडी घालते. सलग पीक म्हणून क्षेत्र थोडे आहे. ज्यांना सलग लागवड करायची आहे त्यांनी पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

मध्यम, उत्तम निचऱ्याची जमीन निवडावी. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत मर रोग वाढतो. पाऊस झाल्यावर जून अखेर ते जुलैच्या पंधरवड्यापर्यंत पेरणी करावी. कोरडवाहूसाठी ९० बाय ६० सेंमी अंतर ठेवल्यास हेक्टरी ५ ते ६ किलो बियाणे पुरते. ओलिताखाली अंतर वाढवावे. डीसीएच-५१९, आयसीएच-६६, जीसीएच-७ हे संकरित वाण उपलब्ध आहेत. आपल्या भागासाठी शिफारस असलेला वाण कृषी विज्ञान केंद्राकडून खात्री करून घ्यावा. संकरित वाणाचे घरचे बी पुन्हा पेरू नये. घड एकाच वेळी पक्व होत नाहीत. तीन ते पाच तोडण्या कराव्या लागतात, पहिली साधारण ९० ते १२० दिवसांनी. त्यामुळे मजुरीचा हिशेब सोयाबीनसारखा एकरकमी धरता येत नाही आणि शेतही रब्बीला वेळेवर रिकामे होत नाही. सोयाबीननंतर हरभरा घेणाऱ्यासाठी ही मोठी अडचण आहे.

पाने खाणारी उंटअळी आणि बोंडे पोखरणारी अळी या मुख्य किडी. उंटअळी लहान असताना ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. शेतात पक्षी थांबे लावावेत. घड भरताना सतत पाऊस आणि ढगाळ हवा राहिली तर घडांवर करड्या बुरशीचा प्रादुर्भाव होऊन ते कुजतात. कोकण आणि घाटमाथ्यावर एरंडी यशस्वी न होण्याचे हे एक कारण आहे.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळायच्या आहेत. एरंडीच्या बियांत आणि पेंडीत रिसिन हे तीव्र विष असते. पेंड खत म्हणून चांगली आहे, पण ती जनावरांसमोर ठेवू नये आणि बी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तसेच बांधावरचा एरंड सोयाबीनबरोबर मळणीयंत्रात जाऊ देऊ नये. सोयाबीनच्या ढेपेत एरंडीचा अंश सापडला तर ती पशुखाद्यासाठी नाकारली जाते.

बाजाराच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एरंडीला हमीभाव नाही. भाव गुजरातच्या बाजारपेठांत आणि वायदेबाजारात ठरतो. आपल्या जिल्ह्यात खरेदीदार नसेल तर वाहतूक शेतकऱ्याच्या अंगावर पडते. दहा-वीस शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ट्रकभर माल होईल एवढे क्षेत्र ठरवल्याशिवाय लागवड करू नये.

काजू टरफल तेल

कोकण आणि गोव्यातील काजू उत्पादकांना हे तेल नावाने नाही तरी हाताच्या सालपटांवरून माहीत असते. काजू बीच्या टणक टरफलात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यांत तांबूस-तपकिरी, अंग भाजणारा चीक असतो. बिबा उततो तसाच हाही उततो. आंबा, बिबा आणि काजू एकाच कुळातले आहेत आणि तिघांच्या चिकातील रसायने भावकीतली आहेत. उद्योगात या चिकाला काजू टरफल तेल किंवा सीएनएसएल म्हणतात.

नैसर्गिक अवस्थेत या तेलात ६० ते ६५ टक्के ॲनाकार्डिक आम्ल असते, बाकी कार्डोल आणि कार्डॅनॉल. तेल तापवले की ॲनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचे कार्डॅनॉल होते. कार्डॅनॉलच्या रेणूला एका बाजूला फिनॉलचे डोके आणि दुसऱ्या बाजूला पंधरा कार्बनची लांब शेपटी असते. शेपटी रबराला मऊ करते. फिनॉलचे डोके रबराला हवेतील ऑक्सिजनपासून वाचवते, म्हणजे वस्तू लवकर तडकत नाही. एकाच पदार्थात मृदुकारक आणि प्रतिऑक्सिडीकारक असे दोन्ही गुण सोयाबीन तेलात नाहीत.

आणखी एक गंमत आहे. कार्डॅनॉलपासून केलेले रेझिन नायट्राइल रबरात मिसळताना रबर मऊ करते, पण हेक्झामाइनबरोबर तापवले की तेच रेझिन स्वतः घट्ट होऊन रबराला कडकपणा देते. मिसळताना सोपे आणि तयार झाल्यावर टणक, असे दोन्ही हवे असते तिथे ते उपयोगी पडते. काजू तेलाचा जुना ग्राहक ब्रेक लायनिंगचा उद्योग आहे, त्यातही अशीच रेझिने वापरतात. फॉस्फरसयुक्त काजू तेल नैसर्गिक आणि ईपीडीएम रबरात मृदुकारक म्हणून वापरण्यावर भारतातच संशोधन झाले आहे. त्याने आग लवकर पकडत नाही, असा जादा फायदा त्यात आढळला.

पिकाच्या दृष्टीने याचा मोठा फायदा म्हणजे यासाठी एक गुंठाही जास्त जमीन लागत नाही. टरफल हे काजू प्रक्रियेतून उरणारे आहे. १०० किलो काजू बीपासून साधारण २५ किलोच्या आसपास गर आणि ६५ ते ७० किलो टरफल निघते. टरफलात वजनाच्या पाव भागाच्या आसपास तेल असते, पण एक्सपेलर ते सगळे काढत नाही. १०० किलो बीमागे १० ते १४ किलो तेल हाती येईल असे धरावे. तेल काढलेली टरफलाची पेंड जळणासाठी विकली जाते.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी, चंदगड-आजरा भागातील अनेक लहान प्रक्रिया केंद्रे टरफल तसेच बॉयलरमध्ये जाळतात किंवा मिळेल त्या भावाला देतात. तेलासह टरफल जाळले की धूर डोळे-घसा झोंबवतो, धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. एका केंद्राच्या टरफलावर एक्सपेलर परवडत नाही. परंतु दहा-पंधरा केंद्रांचे टरफल एकत्र केल्यास उत्पादक कंपनीला हा विचार करता येतो. त्याआधी तीन गोष्टींचा शोध घ्यावा : वर्षातील किती महिने टरफल मिळेल, जवळचा तेल खरेदीदार कोण आणि तो कोणत्या कसोटीवर भाव देतो. कच्च्या तेलासाठी आयएस ८४० हे भारतीय मानक आहे. ओलावा, राख, चिकटपणा, आयोडीन मूल्य या गोष्टी तपासल्या जातात. रबर कारखान्याला लागणारे शुद्ध कार्डॅनॉल निर्वात ऊर्ध्वपातनाने मिळते आणि तो कारखाना वेगळ्याच भांडवलाचा असतो. गावपातळीवरचा उद्योग कच्च्या तेलापर्यंतच जाईल, हे गृहीत धरून नफ्याचा अंदाज बांधावा. कार्डॅनॉलचा भाव दाखवून एक्सपेलर विकणाऱ्यांपासून दूर राहावे.

बीची निगा येथेही उपयोगी पडते. पूर्ण पिकून गळालेली बी गोळा करावी, बोंडापासून लगेच वेगळी करून दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी आणि हलवल्यावर आतील गर वाजेल इतकी कोरडी झाल्यावरच पोत्यात भरावी. ओली बी साठवली तर गर डागाळतो, टरफलाला बुरशी येते आणि तेलात पाणी जाते.

टरफल आणि तेल हाताळणाऱ्या मजुरांना, यात बहुतेक महिला असतात, नायट्राइल रबरी हातमोजे द्यावेत. नुसते खोबरेल लावून किंवा राख चोळून दिवसभर बी फोडण्याची पद्धत पुरेशी नाही. तेल अंगावर उडाल्यास ती जागा आधी खाद्यतेलाने पुसावी, मग साबणाने धुवावी. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धूत राहून त्वरित दवाखान्यात न्यावे. बिब्याची ॲलर्जी असलेल्यांना या कामावर ठेवू नये.

इतर तेले

विदर्भातील जवसाचे तेल हवेत सुकून पापुद्रा धरते. रंगासाठी हा गुण, रबरासाठी दोष. इपॉक्सी रूप दिल्यावर मात्र ते चांगले मृदुकारक होते. भाताच्या कोंड्याच्या तेलात मुक्त मेदाम्ले जास्त असतात. खाद्यतेल म्हणून ती काढून टाकावी लागतात, पण रबरात स्टिअरिक आम्ल घालावे लागतेच, त्यामुळे असे तेल वापरल्यास त्या आम्लाची थोडी बचत होते. कोंडा लवकर खवट होत असल्याने खाण्यास अयोग्य ठरलेल्या तेलाला हा एक मार्ग आहे. करंज तेलाचा वास आणि रंग आड येतो. रबराच्या बियांचे तेल केरळ-त्रिपुरात मिळते. दोडामार्ग परिसरातील रबर बागांत बी पडून राहते, पण गोळा करण्याची मजुरी निघणे कठीण आहे.

मिशेलिनने सूर्यफुलाचे आणि नोकियन या फिनलंडच्या कंपनीने मोहरीवर्गीय तेल टायरमध्ये वापरले आहे. जपानच्या योकोहामाने संत्र्याच्या सालीचे तेल वापरले. नागपुरी संत्र्याबद्दल लगेच प्रश्न येतो. ब्राझील, फ्लोरिडात संत्री रसाच्या कारखान्यात जातात म्हणून साल एका जागी ढिगाने मिळते. आपली संत्री घरोघरी सोलून खाल्ली जातात, साल कचऱ्यात जाते. रस उद्योग मोठा झाल्याशिवाय हे तेल मिळणार नाही.

लागवडीचा प्रस्ताव आल्यास

विस्तार कार्यकर्त्यांना जट्रोफाचा अनुभव आठवत असेल. २००३ नंतर बायोडिझेलसाठी जट्रोफा लावण्याची लाट आली. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय भरघोस बी मिळेल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात पडीक जमिनीत झाड जगले, पण बी अपेक्षेच्या जवळपासही आले नाही आणि खरेदीदार नाहीसे झाले. ‘हरित रबर’, ‘बायो-प्लास्टिसायझर’ या नावाने रोपे किंवा बियाणे विकायला कोणी आले तर आधी विचारावे की तो बी विकतो आहे की तेल विकत घेतो आहे. खरेदीचा करार लेखी असावा. त्यात भावाचे सूत्र, ओलाव्याची मर्यादा, तोलाची जागा आणि पैसे देण्याची मुदत स्पष्ट लिहिलेली असावी. रबर कारखाना शेतकऱ्याकडून बी घेत नाही. तो रसायन कारखान्याकडून घेतो, रसायन कारखाना तेल गिरणीकडून आणि गिरणी अडत्याकडून. या साखळीत आपण कुठे बसतो हे कळल्याशिवाय करारावर सही करू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वनस्पती तेलाचे रबर किंवा वायर उंदीर जास्त कुरतडतात का? अमेरिकेत सोयाबीनजन्य वायर आवरणाबद्दल वाहनमालकांनी कंपन्यांविरुद्ध दावे केले होते, त्यामुळे ही चर्चा पसरली. उंदराचे दात सतत वाढतात, म्हणून तो खनिज तेलाची वायरही कुरतडतो. गोठ्यात उभ्या केलेल्या ट्रॅक्टरजवळ धान्य किंवा पेंड न ठेवणे हाच उपाय. बुरशीच्या बाबतीत मात्र तथ्य आहे. वनस्पती तेलाची मृदुकारके दमट हवेत बुरशीला तुलनेने लवकर बळी पडतात, म्हणून कारखान्यात बुरशीरोधक मिसळावे लागते.

असे रबर मातीत कुजते का? नाही. तेल झाडापासून आले तरी रबर कृत्रिमच आहे आणि ते गंधकाने पक्के केलेले आहे. जुने टायर बांधावर जाळणे किंवा शेतात पुरणे आधीइतकेच घातक आहे.

फवारणी पंपाचे वॉशर हंगामात कडक का होतात? ईसी प्रकारच्या कीटकनाशकांत झायलिनसारखे द्रावक असते. ते वॉशरमधील मृदुकारक ओढून घेते. मृदुकारक गेले की वॉशर आकसतो, तडकतो आणि गळती सुरू होते. मृदुकारक खनिज असो वा वनस्पतीजन्य, हे घडतेच. फवारणी संपल्यावर टाकीत औषध रात्रभर ठेवू नये. पंप दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने चालवून धुवावा आणि वॉशर घेताना नायट्राइल रबराचा मागून घ्यावा. हंगामानंतर वॉशर काढून सावलीत कोरडे ठेवल्यास पुढच्या वर्षीही चालतात.